मनॅससच्या तारा आणि गारूंचा रविवार

वॉशिंग्टनला मुलाबाळांकडे येणारी आपल्याकडची माणसं साधारण एकाच वाटेने फिरतात. व्हाइट हाउसच्या कुंपणापाशी फोटो, लिंकनच्या पुतळ्यासमोरच्या पायऱ्या, विमानांचं म्युझियम आणि परत येताना इंडियन स्टोअरमधून कढीपत्ता. आम्हीही लेकीकडे गेलो की हेच करतो. या वेळी मात्र ह्यांनी विमानात बसल्या बसल्याच सांगून ठेवलं होतं, "मला एकदा मनॅससला जायचंय."

"काय आहे तिथे?"

"तारा."

"तारा म्हणजे? आकाशातल्या?"

"नाही गं, विजेच्या."

चाळीस वर्षांच्या संसारानंतर माणसाला अशा उत्तरांची सवय होते. मी डोळे मिटून घेतले.

आमचं घर हैदराबादचं. तीन पिढ्या तिथेच गेल्या. ह्यांची नोकरी बँकेतली, पण जीव रेडिओत. हे 'हॅम' आहेत, म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, आपल्याला एक सांकेतिक नाव मिळतं, आणि मग घरच्या यंत्रावरून, गच्चीवर तार बांधून, जगातल्या दुसऱ्या हॅमशी बोलायचं. आपल्या देशातल्या हॅम मंडळींची सांकेतिक नावं बहुतेक 'व्हीयू'ने सुरू होतात. बारा वर्षं पूर्ण झालेलं मूलही ही परीक्षा देऊ शकतं. मध्ये कंपनी नाही, टॉवर नाही, महिन्याचं बिल नाही. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात हे छत्री घेऊन गच्चीवर तार घट्ट करत होते, तेव्हा शेजारणीने मला विचारलं होतं, "मालक गुप्तहेर आहेत का?"

ह्यांचे एक मित्र आहेत. तेलुगू गृहस्थ, ह्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे. आम्ही घरात त्यांना नुसतं 'गारू' म्हणतो. दोघांनी परवाना एकाच वर्षी काढला. २००४च्या डिसेंबरात हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद काही हॅमना घेऊन अंदमानात गेल्या होत्या, हौसेचं प्रक्षेपण करायला. २६ तारखेला त्सुनामी आली आणि हौस बाजूला राहिली. पोर्ट ब्लेअरहून निरोप बाहेर पोचवायला हीच यंत्रं कामी आली. त्या दिवसांत गारू आणि हे आमच्या गच्चीवरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेले असायचे. मी चहा नेऊन ठेवायचे आणि गार झालेला परत आणायचे.

आता गारू एकटे आहेत. त्यांचं जुनं घर बिल्डरला दिलंय, दिवाळीनंतर पाडणार. घराबरोबर गच्चीवरचा अँटेनाही उतरणार. नव्या फ्लॅटमध्ये सोसायटी परवानगी देईल की नाही, देव जाणे. म्हणून दोघांनी ठरवलं होतं, की ऑक्टोबरमधल्या दर रविवारी गारू हैदराबादहून संध्याकाळी साडेपाचला मोर्समध्ये हाक मारतील आणि हे अमेरिकेत सकाळी आठला ती ऐकायचा प्रयत्न करतील. नुसतं ऐकायचं. तिथून उत्तर पाठवायचं तर कागदपत्रं लागतात, ऐकायला काहीच लागत नाही. वेळही विचार करून निवडलेली होती. तिकडे सूर्य मावळत असतो आणि इकडे नुकताच उगवलेला असतो. अशा संधिप्रकाशाच्या वेळी या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून उसळ्या घेत फार लांब जातात.

"फोन करा ना सरळ," असं मी एकदाच म्हटलं. पुन्हा म्हटलं नाही.

तव्यावरची तडतड

लेकीचं घर मनॅससपासून गाडीने वीस मिनिटांवर. पहिल्याच पहाटे झोप लागेना म्हणून ह्यांनी आपला छोटा, बॅटरीवरचा रेडिओ काढला. खिडकीतून मेपलच्या झाडापर्यंत बारीक तार सोडली. इतकी बारीक, की तिथल्या कॉलनीच्या कमिटीला दिसू नये. (या कमिट्या कुंपणाचा रंगसुद्धा ठरवून देतात.) रेडिओ लावला, आणि तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी तडतड. बटण फिरवलं तरी तडतडच. जगातली सगळी केंद्रं जणू त्याखाली गाडली गेली होती.

पहिला रविवार तसाच गेला. आठ ते साडेआठ हे डोळे मिटून बसले होते, आणि मला त्या खरखरीशिवाय काही ऐकू आलं नाही. ह्यांनाही नाही.

पुढच्या शनिवारी ह्यांनी बेसमेंटमध्ये जाऊन सगळ्या घराचा मेन स्विच बंद केला. फ्रिज थांबला, वॉशिंग मशीन थांबलं, जावई जिन्यात थांबले. वरून लेकीचा आवाज आला, "बाबा!" पण बॅटरीवरचा रेडिओ चालूच होता, आणि त्यातून एकदम शांतता आली. नुसती शांतता नव्हे. त्यात लांबची माणसं होती, कुठल्या तरी भाषेत बातम्या देणारी बाई होती, एक गाणं होतं. हे म्हणाले, "बघ. आवाज बाहेरचा नाही, घरातला आहे."

मग एकेक खटका चालू करत शोध. स्वयंपाकघरातल्या एका एलईडी दिव्याची थोडी कुरकुर निघाली, एका चार्जरची थोडी. खरा चोर सापडला तो नातवाच्या खोलीत. सॉकेटमध्ये बसवलेला पांढरा, साबणाच्या वडीएवढा डबा.

हा पॉवरलाइन अडॅप्टर. इंटरनेटचा राउटर बेसमेंटमध्ये, नातवाची खोली वरच्या मजल्यावर, वायफाय तिथवर नीट पोचत नाही. म्हणून जावयांनी डब्यांची ही जोडी आणली. एक डबा राउटरजवळच्या सॉकेटमध्ये घालायचा, दुसरा वरच्या खोलीत. भिंतीतल्या विजेच्या तारांतूनच इंटरनेट वर जातं. भिंत फोडायला नको, नवी केबल ओढायला नको. सोय म्हणाल तर झकास.

अडचण अशी, की विजेची तार त्या कामासाठी केलेलीच नसते. इंटरनेटच्या केबलमध्ये तारांच्या जोड्या एकमेकींना पीळ घालून ठेवतात, टीव्हीच्या केबलला बाहेरून धातूच्या जाळीचं कवच असतं. त्यामुळे आतली लहर आत राहते. विजेच्या तारेला यातलं काही नाही. तिच्यातून घरची वीज जाते तोवर बिघडत नाही, कारण ती सेकंदाला ५० किंवा ६० वेळाच हेलकावते. पण त्याच तारेत सेकंदाला लाखो-कोटी वेळा हेलकावणारा संदेश सोडला, की सगळं घर अँटेना होऊन बसतं. भोकं पडलेल्या पाइपमधून बागेला पाणी नेण्यासारखं आहे हे. पाणी पोचतं, पण वाटेतली सगळी माती भिजते. आणि हे डबे नेमके साधारण २ मेगाहर्ट्झपासून पुढच्या लहरी वापरतात, म्हणजे शॉर्टवेव्ह केंद्रांच्या आणि हॅम मंडळींच्याच अंगणात.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जरा जुंपलीच. लेक म्हणाली, "बाबा, त्याचे क्लासेस त्याच्यावर चालतात. आणि आता रेडिओ ऐकतं तरी कोण?"

नातू, वय अकरा, म्हणाला, "आजोबा, तुम्ही ॲपवर ऐका ना. एकदम क्लिअर येतं."

मी खरं सांगते, मनातून मी लेकीच्या बाजूने होते. एका म्हाताऱ्याच्या अर्ध्या तासाच्या छंदासाठी घराचं इंटरनेट बंद करायचं, हे मलाही पटत नव्हतं. हे काही बोलले नाहीत. भात संपवला आणि उठून गेले.

संध्याकाळी त्यांनी नातवाला हाक मारली. रेडिओ त्याच्या मांडीवर दिला आणि म्हणाले, "फिरव हळूहळू." आकडा चढत गेला. १३.७, १३.८, १३.९, नुसती तडतड. १४ला पोचला आणि तडतड खाली बसली. कमीजास्त खरखर उरली, पण तिच्यातून बारीक शिट्ट्यांसारखे आवाज यायला लागले. १४.३५च्या पुढे गेला की परत तवा तापला. त्याने मागे आणलं, पुढे नेलं, तीनदा करून बघितलं. मग ७ मेगाहर्ट्झजवळ तसंच, २१जवळ तसंच.

"इथे कुणीतरी खोडरबर फिरवलंय," नातू म्हणाला.

खरोखरच फिरवलं होतं. घरातल्या घरात चालणाऱ्या या डब्यांसाठी होमप्लग नावाचा कंपन्यांचा गट २००० साली तयार झाला. नियम ठरवतानाच ते अमेरिकेतल्या हॅम संघटनेशी बोलले. संघटना जुनी, १९१४ सालची, नाव अमेरिकन रेडिओ रिले लीग. बोलणी होऊन ठरलं, की हॅमच्या पट्ट्यांत या डब्यांनी जवळजवळ गप्प बसायचं. तिथे त्यांची ताकद इतर ठिकाणच्या साधारण एक हजारांश. आकड्यांच्या पट्टीत खाच पाडावी तसं. शॉर्टवेव्हवरच्या बातम्या आणि गाणी ऐकणाऱ्यांसाठी मात्र कुणी खाच पाडली नाही. 

"आणि जिथे कुणी आधी विचारलंच नाही," हे नातवाला म्हणाले, "ते गाव इथून वीस मिनिटांवर आहे."

आता मलाही जावंसं वाटायला लागलं.

झेंडे, आगगाड्या आणि खांब

मनॅसस हे सुमारे ४३ हजार वस्तीचं शहर, वॉशिंग्टनपासून ५० किलोमीटरच्या आसपास. अमेरिकेत शाळेत गेलेल्या प्रत्येकाला हे नाव लढाईमुळे माहीत असतं. यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई इथे २१ जुलै १८६१ला झाली, दुसरी पुढच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस. उत्तरेकडचे लोक या लढायांना जवळच्या ओढ्याच्या नावाने 'बुल रन' म्हणतात, दक्षिणेकडचे गावाच्या नावाने 'मनॅसस'. दोन्ही बाजू इथे का धडकल्या, तर दोन रेल्वेमार्ग इथे मिळायचे. जंक्शन ज्याच्या हातात, त्याच्या हातात वाट.

रणभूमीचं आता राष्ट्रीय उद्यान आहे. तिकीट नाही. लांबवर पिवळं पडलेलं गवत, लाकडी कुंपणं, ओळीने मांडलेल्या तोफा, ओढ्यावरचा दगडी पूल. ऑक्टोबरात कडेची झाडं लाल-केशरी झालेली असतात आणि कुत्री फिरवणारी माणसं हसून 'हाय' म्हणतात. पहिल्या लढाईत एका दिवसात सुमारे ९०० माणसं इथे मेली, हे त्या गवताकडे बघून खरं वाटत नाही. नातवाने तोफेच्या तोंडात हात घालून बघितला आणि ओरडा खाल्ला.

ह्यांना मात्र दुसरीच जागा बघायची होती, सिग्नल हिल. शहराच्या पूर्वेला, वस्तीतला एक उंचवटा. तिथे फलक लावलेला आहे. नातू वैतागला, "एवढंच?" मग ह्यांनी गोष्ट सांगितली आणि तो गप्प झाला.

लढाईच्या सकाळी या टेकाडावर दक्षिणेच्या सैन्याचा एक अधिकारी उभा होता. एडवर्ड पोर्टर अलेक्झांडर, वय २६. त्याच्याकडे झेंडे हलवून अक्षरं पाठवायची नवी पद्धत होती. दुर्बिणीतून बघताना साधारण १३ किलोमीटरवर त्याला काहीतरी चमकलं. ऊन पडलेली पितळी तोफ. उत्तरेचं सैन्य लांबून वळसा घालून डावीकडून येत होतं. त्याने दगडी पुलापाशी असलेल्या आपल्या माणसांना झेंड्याने कळवलं, की डावीकडे बघा, तुम्हाला वळसा पडतोय. लढाईत अशा झेंड्यांच्या निरोपाचा तो पहिला वापर मानतात. निरोप वेळेत पोचला आणि त्या दिवसाचा निकाल फिरायला त्याची मदत झाली. (तो निरोप गुलामगिरी टिकवणाऱ्या बाजूचा होता, हेही नातवाला सांगितलं. निरोपाला चांगलंवाईट कळत नाही.)

"पण धुकं असतं तर?" नातवाने विचारलं.

"तर दिसलं नसतं," हे म्हणाले. "खरखर म्हणजे तेच."

तिथून आम्ही जुन्या गावात गेलो. ओल्ड टाउन म्हणजे विटांच्या दुमजली इमारती, कॉफीची दुकानं, १९१४ सालचं रेल्वे स्टेशन आणि १९०८ साली बांधलेला गोळ्या-चॉकलेटचा कारखाना, ज्यात आता चित्रं आणि नाटकं असतात. शनिवार होता, भाजीबाजार भरला होता. लेकीने सफरचंदं घेतली, मी मधाची बाटली. एक मालगाडी इतका वेळ गेली, की नातवाचे डबे मोजून संपेनात. हे मान वर करून लाकडी खांबांकडे बघत चालले होते. जुन्या वस्तीत विजेच्या तारा अजून खांबांवरूनच जातात. खांबावर पिंपासारखा ट्रान्सफॉर्मर, आणि तारांचा पसारा आपल्याकडच्या गल्ल्यांइतका नसला तरी बराच.

या खांबांवरून मनॅससने २००५च्या ऑक्टोबरात इंटरनेट सुरू केलं. घरातल्या घरात नव्हे, अख्ख्या शहरात. इथली वीज नगरपालिकेचीच. मग खांब आपले, तारा आपल्या, त्यातूनच घरोघरी इंटरनेट का देऊ नये? साधारण साडेबारा हजार घरं, महिन्याला २९ डॉलरच्या आत. संपूर्ण शहराला विजेच्या तारेतून इंटरनेट देणारं अमेरिकेतलं हे पहिलं गाव. त्याआधी वर्षभर, १४ ऑक्टोबर २००४ला, अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या तंत्राला नियमांची वाट करून दिली होती. तेव्हाचं वातावरण आठवून बघा. तिथेही अर्धा देश फोन डायल करून, कुईंकुईं ऐकत इंटरनेटला जोडला जायचा. विजेची तार तर खेड्यातल्या शेवटच्या घरालाही असते. लोकांना हे वरदान वाटलं, यात त्यांची चूक काही नव्हती.

घरातल्या भिंतीतली तार अँटेना होते, तर खांबावरची मोकळी, लांबच लांब, छताच्या वर गेलेली तार काय होईल?

पार्किंगमधली भेट

उत्तर पार्किंगमध्ये मिळालं. बाजाराशेजारी एका जुन्या गाडीच्या मागे उंच अँटेना होता आणि नंबर प्लेटवर हॅमचं सांकेतिक नाव. अमेरिकेत अशी प्लेट मिळते. ह्यांचे पाय तिथेच खिळले. दहा मिनिटांनी हातात भोपळा घेतलेले एक आजोबा आले. ह्यांनी आपलं 'व्हीयू'वालं नाव सांगितलं आणि त्या माणसाने भोपळा गाडीच्या टपावर ठेवून दोन्ही हातांनी ह्यांचा हात धरला. पुढची पाऊण तास आम्ही बायका आणि जावई सफरचंदं खात उभे.

आजोबा म्हणाले, की तेव्हा ते रोज कामावर जाताना गाडीतला रेडिओ लावायचे. शहराच्या हद्दीत शिरलं की खरखर सुरू, हद्द ओलांडली की बंद. डोळे मिटून सांगता आलं असतं, आपण कुठल्या रस्त्यावर आहोत. मग त्यांनी आणि इतरांनी रस्त्यारस्त्याने जाऊन नोंदी केल्या, तारीख, वेळ, कुठला खांब, कुठला पट्टा. तक्रारी केल्या. यंत्रणेने काही ठिकाणी सुधारणा केल्या, आजोबांच्या मते अपुऱ्या. २००६मध्ये दूरसंचार आयोगाने शहराकडे याबद्दल विचारणाही केली.

"गावातले लोक काय म्हणायचे?" मी विचारलं. मला ते खरंच जाणून घ्यायचं होतं.

ते हसले. लोक म्हणायचे, आम्हाला स्वस्तात इंटरनेट मिळतंय आणि ही म्हातारी माणसं आपली खेळणी घेऊन रडतायत. त्यांच्या शेजारच्या बाई दोन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हत्या. त्यांची मुलं त्याच इंटरनेटवर अभ्यास करायची. "त्या चुकीच्या नव्हत्या," आजोबा म्हणाले. "पण आकाश एकट्या त्यांचंही नव्हतं."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी सफरचंदाकडे.

हॅम संघटना आयोगाविरुद्ध कोर्टात गेली होती. २५ एप्रिल २००८ला वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला. ज्या अभ्यासांच्या आधारावर आयोगाने नियम केले, त्यांतले काही भाग त्याने लोकांपासून झाकून ठेवले होते. ते उघड करा, आणि तारेपासून लांब गेल्यावर खरखर किती कमी होते याचं जे गणित धरलंय ते नीट समजावून सांगा, असं न्यायालयाने फर्मावलं. मला त्या गणितातलं फार कळत नाही. पण लोकांना अर्धाच कागद दाखवायचा आणि सही मात्र पूर्ण कागदावर मागायची, हे कुठल्याही देशात ओळखीचं वाटतं.

मनॅससची सेवा १ जुलै २०१०ला बंद झाली. तोवर जेमतेम पाचशेच्या आसपास ग्राहक उरले होते. हॅम मंडळींनी ती बंद पाडली, असं म्हणणं खरं नाही. आजोबांनीही तसं म्हटलं नाही. शहराने हिशेब बघितला आणि तो जमत नव्हता. टीव्हीच्या केबलवाल्यांनी आणि फायबरवाल्यांनी त्याच पैशांत कितीतरी वेगवान इंटरनेट आणून दिलं होतं. विजेची तार त्या शर्यतीत दमली. आता तर याच भागात डेटा सेंटर्सच्या बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती दिसतात, आणि रणभूमीच्या शेजारी आणखी बांधायच्या की नाही यावर लोक कोर्टात भांडलेत. माहितीची वाट कुठून जावी, यावरून या गावाची भांडणं काही संपलेली नाहीत.

निघताना आजोबांनी विचारलं, इकडे काही ऐकू येतंय का? ह्यांनी गारूंबद्दल सांगितलं. त्यांनी सल्ला दिला, की खाच असली तरी डब्याच्या इतक्या जवळ बसलात तर थोडं झिरपणारच. रेडिओ घराबाहेर न्या, जितका लांब जाईल तितका. आणि टपावरचा भोपळा आमच्या नातवाला देऊन टाकला.

आठ वाजता

दुसऱ्या रविवारी हे परसात बागेच्या टोकाला खुर्ची टाकून बसले. काहीच आलं नाही. खरखरीचा दोष नव्हता. सूर्यावर गडबड झाली होती, म्हणे, आणि वरच्या थरांनी लहरी परतवल्याच नाहीत. तिकडे गारूंनी अर्धा तास हाका मारल्या होत्या. फोनवर त्यांचा आवाज थकलेला वाटला. बिल्डरची माणसं मोजमाप घेऊन गेली होती.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या रात्री नातू स्वतःहून म्हणाला, "आजोबा, मी उद्या आठ ते साडेआठ डबा काढून ठेवतो. पण मग तुम्ही मला मोर्स शिकवायचं." त्या वेळी त्याच्या मित्रांचा कसलासा ऑनलाइन खेळ असतो, हे मला नंतर कळलं.

सकाळी गवतावर दव होतं. हे स्वेटर, वर शाल, वर कानटोपी. नातू पायजम्यात, एका कानात ह्यांच्या इअरफोनचं टोक. मी चहा घेऊन गेले. या वेळी दोघांसाठी, आणि मीही तिथेच थांबले.

आठ वाजले. आठ दहा. बारीक बारीक आवाज येत होते, कुणाकुणाचे. हे मान हलवायचे, नाही, हे नाही. आठ सतरा झाले आणि ह्यांचा हात वर गेला. मला आधी काही कळलंच नाही. मग ह्यांनी इअरफोन काढून मला दिला. समुद्राच्या आवाजासारख्या त्या खालच्या खरखरीत, सुईच्या टोकाएवढं काहीतरी होतं. डि डि डि डा. डि डि डा. थांबलं. पुन्हा. बुडालं, वर आलं, परत बुडालं.

"व्ही, यू," ह्यांनी नातवाच्या तळहातावर बोटाने ठोकून दाखवलं. "शेवटचा डा जरा लांब ओढतात बघ. चाळीस वर्षं सांगतोय त्यांना."

तीन-चार मिनिटं मिळाली असतील. मग ऊन मेपलच्या वर आलं आणि ते टोक दिसेनासं झालं.

ह्यांनी लगेच फोन लावला. गारू यंत्रापाशीच बसले होते. हॅम मंडळी ऐकू आलेल्या आवाजाला तीन आकड्यांत गुण देतात, किती समजलं, किती जोर होता, सूर किती स्वच्छ होता. पलीकडून एकच शब्द आला, "रिपोर्ट?"

"थ्री, थ्री, नाइन," हे म्हणाले. म्हणजे कष्टाने समजलं, जोर कमी होता, सूर मात्र शुद्ध.

गारू काही बोलले नाहीत. लाइनीवर कागद उलटल्याचा आवाज आला, मग पेन शोधत असल्याचा. मग त्यांनी विचारलं, "तुझ्याकडची वेळ सांग. वहीत लिहायचीय."

नातवाने घड्याळ बघून सांगितली, आठ एकवीस. मग धावत वर गेला आणि डबा परत सॉकेटमध्ये घातला.